किंडरगार्टनमध्ये गप्प राहणारी मुलगी : स्टुटगार्टमधील एका मराठी कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबात आई, बाबा आणि तीन वर्षांची मुलगी असे तिघे जण. मुलगी घरी दिवसभर बडबड करणारी, पण सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाऊ लागल्यापासून पुढच्या एप्रिलपर्यंत तिने तिथे तोंडातून एक शब्दही काढला नाही. या सात-आठ महिन्यांत आईवडिलांना शेजाऱ्यांपासून शिक्षिकांपर्यंत अनेकांनी सल्ले दिले. त्यांपैकी एक सल्ला, म्हणजे घरी मराठी बंद करून मुलीशी जर्मनमध्ये बोलण्याचा, त्यांनी मनापासून पाळला आणि त्यामुळे मुलीचे घरातले बोलणेही आटले.

मी या शहरात बरीच वर्षे राहते आणि नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर डॉक्टरांकडे किंवा शाळेतल्या बैठकींना दुभाषी म्हणून जाते. या कुटुंबाशी माझा संबंध फेब्रुवारीत आला. त्याआधीच्या घडामोडी आईने वहीत तारीखवार लिहून ठेवल्या होत्या आणि त्या नोंदींवरूनच पहिला भाग लिहिला आहे. कुटुंबाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घरी जर्मन बोलण्याचा सल्ला आजही कितीतरी मराठी आईवडिलांना दिला जातो आणि परक्या देशात आपण नियम मोडत तर नाही ना, या धास्तीपोटी ते तो निमूट मान्य करतात. त्यांच्यापर्यंत हे प्रकरण सगळ्या बारकाव्यांसह पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे.

कुटुंब आणि घर

बाबा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहेत. पुणे आणि स्टुटगार्ट या दोन्ही ठिकाणी मोटार उद्योगाचे मोठे जाळे असल्यामुळे (मर्सिडीज-बेंझचे मुख्यालय स्टुटगार्टला आहे आणि भारतातला कारखाना चाकणला) पिंपरी-चिंचवड पट्ट्यातून इकडे येणाऱ्या अभियंत्यांची रीघ काही नवी नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट तर 1968 पासून भगिनी-शहरे आहेत. आई चिंचवडला सहकारी बँकेत नोकरीला होती, ती सोडून आली. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना) असल्यामुळे तिला इथे नोकरी करण्याची कायदेशीर मुभा पहिल्या दिवसापासून होती. पण बँकेत बसायचे तर चांगली जर्मन हवी, आणि ती येईपर्यंत तिला घरीच थांबणे भाग होते.

चिंचवडच्या घरात आजी-आजोबा, काका-काकू आणि आईवडील असे सहा मोठे आणि त्यांच्यात ही एकच लहान मुलगी. तिला तहान लागायच्या आधी पाणी समोर येई, झोप यायच्या आधी कोणीतरी तिला खांद्यावर घेई. मे महिन्यात ती स्टुटगार्टला आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती आणि मराठीत लांबलचक वाक्ये बोलत होती.

घर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीचे. राहायला आल्यावर दुसऱ्या महिन्यात टपालपेटीत दोन ओळींची सभ्य चिठ्ठी आली. रविवारी सकाळी यंत्राचा आवाज येतो, तो कृपया टाळावा, असा मजकूर होता. ते यंत्र म्हणजे इडलीचे पीठ वाटणारा मिक्सर. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते, रविवार आणि सणवार पूर्ण शांततेचे मानले जातात, आणि पुष्कळ इमारतींच्या घरनियमांत दुपारी एक ते तीन हीसुद्धा शांततेची वेळ दिलेली असते. शिवाय श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशात, जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. नवख्या माणसाला वाटते की आपल्या प्रत्येक हालचालीवर कोणाचे तरी लक्ष आहे.

आईवडिलांनी पीठ वाटण्याचे काम शनिवारवर नेले, तेवढ्याने विषय संपायला हवा होता. पण त्यांनी दिवाणखान्यात जाड गालिचा अंथरला, चाकांची खेळणी माळ्यावर टाकली आणि मुलीला दिवसातून कितीतरी वेळा सांगू लागले, “हळू बोल, खालच्या आजी रागावतील.” वस्तुतः मुलांच्या आवाजाच्या बाबतीत जर्मन कायदा त्यांना वाटला त्यापेक्षा बराच उदार आहे. 2011 मध्ये प्रदूषण-नियंत्रण कायद्यात दुरुस्ती होऊन बालवाड्या आणि खेळाची मैदाने येथून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव मानला जाणार नाही असे ठरले, आणि राहत्या घरातल्या लहान मुलांच्या नेहमीच्या दंग्याकडेही न्यायालये सहसा समजुतीने पाहतात. चिठ्ठीत मुलीचा उल्लेखही नव्हता. भीती आईवडिलांच्या मनात होती आणि ती मुलीच्या अंगात भिनत गेली.

किंडरगार्टनचे पहिले महिने

जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्षावरील प्रत्येक मुलाला बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात शिक्षकांची टंचाई असल्याने थांबावे लागते, पण या कुटुंबाला सप्टेंबरपासून रोज सहा तासांची जागा मिळाली. मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे, त्यामुळे चिंचवडच्या लसीकरण-पत्रिकेवरील नोंदी डॉक्टरांकडून जर्मन पुस्तिकेत उतरवून घेतल्या. कागदपत्रांचे काम सुरळीत झाले.

मुलाला केंद्रात रुळवण्याची इथे एक ठरलेली पद्धत आहे, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा वडील वर्गातच एका कोपऱ्यात बसतात आणि मूल हवे तेव्हा त्यांच्याकडे येऊ शकते. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात. मूल रडले, तर शिक्षिकेच्या जवळ जाऊन शांत होते का, हे पाहिले जाते. तसे झाले तर बाहेर राहण्याचा वेळ वाढवत नेतात. झाले नाही तर आणखी काही दिवस थांबतात. पद्धत विचारपूर्वक बनवलेली आहे आणि मी ती अनेक मुलांना लाभलेली पाहिली आहे.

या मुलीच्या बाबतीत मात्र अडचण अशी झाली की ती रडलीच नाही. आई बाहेर गेली तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहिली आणि आई परत येईपर्यंत तिथेच राहिली. न रडणे हे चांगले लक्षण समजून वेळ भराभर वाढवण्यात आला. रडणाऱ्या मुलाला शिक्षिका जवळ घेते, त्यातून दोघांचे नाते जुळते. ही मुलगी कोणाला त्रास देत नव्हती, म्हणून तिला जवळ घेण्याचा प्रसंगच आला नाही.

डब्याची गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे. सकाळी साडेनऊच्या सुमारास मुले टेबलाभोवती बसतात, आपापला डबा स्वतः उघडतात आणि खातात. स्टुटगार्टमध्ये या खाण्याला ‘फेस्पर’ म्हणतात. आईने पहिल्या आठवड्यात तूप-गुळाची पोळी दिली, दुसऱ्यात थालीपिठाचे तुकडे. डबा रोज भरलेलाच परत येई. आपल्या पदार्थांचा वास इतर मुलांना येत असेल, कोणी नाक मुरडले असेल, असे आईला वाटले आणि तिने ब्रेड, चीज, काकडीचे काप द्यायला सुरुवात केली. तोही डबा भरलेला परत येऊ लागला. शिक्षिकांनी वहीत नोंदवले की मुलीला सकाळी भूक नसते. डबा चार बाजूंनी कड्या असलेला, घट्ट रबरी कडेचा होता. पुण्याहून आणलेला, आमटीसुद्धा सांडणार नाही असा. मुलीच्या बोटांना त्या कड्या उघडत नव्हत्या. ती डबा समोर ठेवून, हात मांडीवर घेऊन, वीस मिनिटे बसून राहत असे. हे कोणाच्या लक्षात यायला फेब्रुवारी उजाडला.

चिखलात खेळायच्या रबरी विजारीचेही तेच. इतर मुले चढवता आली नाही तर ओरडून मदत मागत, ही विजार हातात धरून भिंतीशी उभी राही. कोणीतरी येऊन चढवेल, याची तिला खात्री होती, कारण तोपर्यंतच्या आयुष्यात नेहमी कोणीतरी आले होते.

डिसेंबरची बैठक

तीन महिन्यांनंतर शिक्षिकेने पालकांना बोलावले. आईच्या वहीतल्या नोंदीनुसार बैठक अर्ध्या तासाची होती आणि शिक्षिकेचा सूर आपुलकीचा होता. मुलगी सूचना समजते, चित्रे काढते, पण एकटी खेळते, प्रश्नाला उत्तर देत नाही, गाण्याच्या वेळी ओठही हलवत नाही, असे तिने सांगितले. मग दोन सूचना केल्या. पहिली, डॉक्टरांना दाखवा. दुसरी, घरी जर्मनमध्ये बोला, म्हणजे तिला सराव होईल.

पहिली सूचना योग्य होती. दुसरी चांगल्या हेतूने केलेली, पण चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ती किती नुकसान करते हे पुढच्या सहा आठवड्यांत दिसले.

नवीन वर्षापासून घरात जर्मन सुरू झाली. बाबांची जर्मन कार्यालयातली, म्हणजे बैठका, वेळापत्रके आणि यंत्रांचे भाग यांची. आईची ए-टू पातळीची, म्हणजे प्राथमिक, भाषावर्गातली. त्या दिवसांतल्या वहीच्या पानावर आईने मुलीशी बोलण्यासाठी पाठ केलेली वाक्ये आहेत : ये, बस, खा, हात धू, बूट घाल, झोप, शाब्बास. मी ते पान वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले. तोडकीमोडकी भाषा घेऊन आईला मुलीला हुकूम तेवढे देता येत होते. चांदोबा ढगामागे का गेला, चिंचवडच्या अंगणातली मनीमाऊ आता काय करत असेल, ‘काल तू हसलीस तेव्हा’ वगैरे काही तिला त्या भाषेत सांगता येत नव्हते. जेवताना “हा घास चिऊचा, हा घास काऊचा” म्हणणे थांबले आणि त्याच्या जागी “खा” एवढे राहिले.

मुलगी सुरुवातीला मराठीतच उत्तरे देत राहिली. पालक ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि जर्मन शब्द सांगत. दोनेक आठवड्यांत ती मान हलवून उत्तर देऊ लागली. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे इथल्या दुपारी चार वाजता, तिकडे साडेआठला, आजीचा व्हिडिओ कॉल येत असे. जानेवारीच्या शेवटी मुलगी त्या कॉलवरही तोंड फिरवून बसू लागली. आजींनी मुलाला विचारले, “अरे, पोरगी बोलत का नाही? काय केलंत तुम्ही तिला?” दुसऱ्या दिवशी आईने मला फोन केला.

डॉक्टरांकडे

जर्मनीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मुलांच्या ठरावीक तपासण्या होतात आणि त्यांच्या नोंदी एका पिवळ्या पुस्तिकेत असतात. तीन वर्षांच्या सुमारास होणारी यू-सात-ए ही तपासणी या मुलीची जुलैत, किंडरगार्टन सुरू होण्याआधी झाली होती आणि तीत शंका घेण्यासारखे काही नव्हते. बालरोगतज्ज्ञ बाईंनी ती नोंद पाहिली आणि सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घेतली. बोलण्याच्या कोणत्याही तक्रारीत पहिले पाऊल हेच असायला हवे. कानात साचलेल्या पाण्यामुळे कमी ऐकू येणारी मुले हट्टी किंवा मंद ठरवली गेलेली मी पाहिली आहेत. चाचणी निर्दोष निघाली.

मग त्यांनी मुलगी घरी बोलत असतानाचे चित्रण मागितले. बाबांच्या फोनमध्ये नोव्हेंबरमधले एक होते. मुलगी बाहुलीला निजवता निजवता आजीच्या फोनबद्दल बोलत होती. मी वाक्ये एकेक करून जर्मनमध्ये सांगत होते. एक वाक्य असे होते : “आजीनं फोन ठेवला म्हणून मी नव्हते रडले, मला पाणी पाहिजे होतं.” डॉक्टरांनी चित्रण थांबवायला सांगितले आणि तेच वाक्य पुन्हा सांगायला लावले. सव्वातीन वर्षांचे मूल एक कारण नाकारून दुसरे पुढे करते आहे, भूतकाळ नीट वापरते आहे आणि स्वतःविषयी बोलताना स्त्रीलिंगी क्रियापद अचूक लावते आहे. भाषाविकासात अडचण असलेले मूल असे बोलत नाही, असे त्यांनी पालकांना सांगितले. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतरचा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांनी विचारले, “घरी ती पाणी कसं मागते?” आईने थोडा विचार करून उत्तर दिले, “मागत नाही. मागावं लागतच नाही, मीच देते.”

डॉक्टरांचे मत थोडक्यात असे होते. नव्या भाषेच्या वातावरणात गेलेली लहान मुले काही आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकतात. हा मूक काळ स्वाभाविक असतो. याहून वेगळी अशी एक चिंताविकाराची स्थिती असते, जिला निवडक मूकपणा म्हणतात. त्यात मूल काही ठिकाणी नीट बोलते आणि इतर ठिकाणी बोलूच शकत नाही. शाळेचा पहिला महिना सोडून ही स्थिती किमान एक महिना टिकावी लागते, आणि बोलता न येण्याचे कारण भाषा माहीत नसणे हे नसावे, अशी निदानाची अट आहे. इथे भाषा माहीत नव्हती, त्यामुळे निदानाची घाई करायची नाही, पण मुलीचे अंग आखडणे, नजर चुकवणे याकडे लक्ष ठेवायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा भेटायचे असे ठरले. वाचा-उपचार लिहून दिले नाहीत. घरी जी भाषा सर्वांत चांगली येते तीच बोला, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

या शेवटच्या मुद्द्याला संशोधनाचे पाठबळ जुने आहे. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच मांडले होते की दोन भाषांचा पाया परस्परांशी जोडलेला असतो. पहिल्या भाषेत मिळवलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. भाषाशास्त्रज्ञ आनिक द हाउव्हर यांनी बेल्जियमच्या फ्लॅंडर्स भागातील सुमारे 1900 द्विभाषिक कुटुंबांची पाहणी करून 2007 मध्ये प्रसिद्ध केली. त्या घरांतली मुले बाहेरची डच भाषा बोलत होतीच. घरातली दुसरी भाषा मात्र साधारण एक चतुर्थांश कुटुंबांत मुलांकडून बोलली जात नव्हती. आईवडील दोघेही घरी ती भाषा बोलत असतील, तर ती टिकण्याची शक्यता सर्वाधिक होती. जर्मनीत वाढणाऱ्या मराठी मुलाची जर्मन धोक्यात नसते. किंडरगार्टन, शाळा, मैदान, दूरचित्रवाणी सगळे तिच्या बाजूने असते. मराठीच्या बाजूने फक्त घर असते.

काय बदलले

त्याच आठवड्यात आम्ही किंडरगार्टनमध्ये गेलो. शिक्षिकेने डॉक्टरांचे म्हणणे मोकळेपणाने ऐकले आणि पाणी मागण्याचा प्रश्न तिला लगेच पटला. दुसऱ्या दिवशी ती फेस्परच्या वेळी मुद्दाम मुलीच्या शेजारी बसली, आणि घट्ट कड्यांच्या डब्याचे कोडे तेव्हा उलगडले. संध्याकाळी तिने आईला डबा हातात देऊन दाखवले की कडी उघडायला मोठ्या माणसालासुद्धा जोर लावावा लागतो. दुसरा, बोटाने उघडणारा डबा आला आणि तिसऱ्या दिवशी थालीपीठ संपले. इतर मुलांनी नाक मुरडले नव्हतेच. शेजारच्या मुलाने एक तुकडा मागितला.

केंद्रात आणखी काही बदल झाले. पाणी, शौचालय, मदत, नको, थकले अशा गोष्टींची चित्रे एका कडीत ओवून मुलीच्या पट्ट्याला अडकवली. तिला बोलण्याची आर्जवे करणे सगळ्यांनी थांबवले, कारण “बोल ना, एकदाच बोल” असे दहा जणांसमोर ऐकलेले मूल आणखी मिटत जाते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या भाषेचे निरीक्षण करण्यासाठी ‘सिस्मिक’ नावाची एक प्रश्नावली जर्मनीत वापरली जाते. मूल कोणाजवळ बसते, गोष्ट ऐकताना काय करते, हावभावांनी काय कळवते, अशा गोष्टी तीत टिपायच्या असतात आणि घरच्या भाषेविषयीही विचारलेले असते. शिक्षिकेने ती भरायला घेतल्यावर तिला दिसू लागले की मुलगी गप्प असली तरी दिवसभर संवाद करते आहे. रोज सकाळच्या वर्तुळात एका तुर्की भाषक मुलीशेजारी तिची जागा ठरवली. ती मुलगी वर्षभरापूर्वी स्वतः अशीच गप्प होती.

घरात मराठी परत आली. पहिल्या संध्याकाळी मुलगी झोपेपर्यंत बोलत होती, अशी आईची नोंद आहे. पण मराठी परत आणणे सोपे होते. मुलीला मागू देणे हे आईला फार जड गेले. आपल्याकडे माया दिसते ती न मागता देण्यात. मुलाच्या चेहऱ्यावरून भूक ओळखणारी आई ही चांगली आई, आणि ज्याला मागावे लागते त्या मुलाची आबाळ झाली, असे आपण धरतो. जर्मन किंडरगार्टनमध्ये मुलाला विचारले जाते आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली जाते. त्यांच्या दृष्टीने मुलाचा मान राखण्याची हीच रीत आहे. मला दोन्ही रीतींमधले प्रेम खरे वाटते. मात्र पहिल्या रीतीत वाढलेले मूल दुसऱ्या रीतीच्या जगात पाऊल ठेवते, तेव्हा त्याला कोणीतरी हे नवे शिकवावे लागते. आईने पाण्याचा छोटा तांब्या मुलीच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला, बूट घालताना मदतीला जाण्याआधी थांबायची सवय लावली, आणि मराठीतच “आई, मला मदत कर” हे वाक्य मुलीच्या तोंडी येऊ दिले. मागण्याची सवय आधी मायबोलीत लागली.

खालच्या मजल्यावरच्या बाईंना बाबा जाऊन भेटले. त्यांनी सांगितले की त्यांची तक्रार रविवारच्या यंत्रापुरती होती, ती केव्हाच मिटली, मुलीबद्दल त्यांचे काही म्हणणे नाही. चाकांची खेळणी माळ्यावरून खाली आली.

आजींचे नव्वद दिवस

मार्चच्या अखेरीस चिंचवडहून आजी आल्या. नातेवाइकांना इथे अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. त्यासाठी बाबांना परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाच्या जबाबदारीचे हमीपत्र द्यावे लागले आणि किमान 30,000 युरोंचा आरोग्य विमा काढावा लागला. वयस्कर माणसाच्या बाबतीत हा विमा नीट वाचून घ्यावा, कारण आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च त्यात बहुधा धरलेला नसतो. आजींना रक्तदाबाचा त्रास होता, त्यामुळे औषधे त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत आणली.

आजी येणार म्हणून मुलीला आनंद होता. आईच्या मनात मात्र धाकधूक होती. ती खरी ठरली. पहिल्याच सकाळी आजींनी नातीला मांडीवर घेऊन भरवायला सुरुवात केली. आईने, “आई, तिला तिचं तिला खाऊ द्या ना, शाळेत सवय लागली पाहिजे,” असे म्हटल्यावर आजी दुखावल्या. “मी तीन महिन्यांची पाहुणी. माझ्या हातचा घास पण नको का तिला?” असे म्हणून त्या ताटावरून उठल्या. बाबा दोघींच्या मध्ये सापडले आणि नेहमीप्रमाणे गप्प बसले. ते गप्प बसणे त्या घरासाठी चांगले नव्हते, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले.

तोडगा आजींनीच काढला. डब्याची हकिगत त्यांना कोणी सांगितली नव्हती. सुनेने ती सांगितली तेव्हा, नात वीस मिनिटे उपाशी बसून राहत होती हे ऐकून, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सकाळचं तुमच्या शाळेच्या पद्धतीनं. रात्रीचा वरणभात माझा.” त्या दिवसापासून सकाळी मुलगी स्वतःच्या हाताने खाई आणि रात्री आजीच्या मांडीवर चिऊ-काऊचे घास. मुलाला दोन घरच्या दोन रीती पाळायला काहीच अवघड जात नाही, दोन्हीकडची मोठी माणसे एकमेकांना नावे ठेवत नसली की झाले.

आजींचा आणखी एक उपयोग झाला, जो कोणीही आखलेला नव्हता. त्यांना जर्मनचा गंधही नव्हता. मैदानावर, दुकानात, बसमध्ये काय चालले आहे ते त्या नातीला विचारू लागल्या. “तो काय म्हणाला गं?” नात सांगे. म्हणजे आठ महिने ऐकून ऐकून तिच्याजवळ किती जर्मन साठली होती, हे घरच्यांना आजींमुळे कळले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात किंडरगार्टनमधून आईला फोन आला. तिथे प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक चित्र असते, हिचे कासव आहे. एका मुलाने आपले जाकीट कासवाच्या खुंटीवर अडकवले, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाली, “नाइन. माइन्स.” नाही, हे माझे आहे. शिक्षिकेचा आवाज फोनवर कापत होता, असे आई सांगते. त्यानंतर आठवडाभर पुन्हा शांतता, मग तुर्की मैत्रिणीच्या कानात कुजबुज, आणि मे संपेपर्यंत चुकांनी भरलेली, पण सलग वाक्ये. जूनच्या शेवटी आजी परत गेल्या. उन्हाळ्यातल्या भेटीत डॉक्टरांनी पुस्तिकेत एक ओळ लिहिली आणि पुढची तपासणी नेहमीच्या वेळी ठेवली.

सध्याची स्थिती

मुलगी आता साडेचार वर्षांची आहे आणि पालकांपुढचा प्रश्न बरोबर उलटा झाला आहे. ती घरी जर्मनमध्ये उत्तरे देऊ लागली आहे. “आई, माझी याके (जाकीट) कुठे आहे?” अशी सरमिसळ वाक्ये येतात, त्यांची मला काळजी वाटत नाही, दोन भाषांत वाढणारी मुले असेच बोलतात. काळजी आहे ती पालकांच्या थकव्याची. आई आता अर्धवेळ नोकरी करते, संध्याकाळी दोघांनाही जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळे होणे सोपे वाटते. त्यांनी एवढेच ठरवले आहे की मुलगी कोणत्याही भाषेत बोलली तरी तिला रागवायचे नाही, आणि आपण मात्र उत्तर मराठीतच द्यायचे. झोपताना बाबा रोज मराठी गोष्ट वाचतात. अक्षरओळख कधी सुरू करायची, यावर त्यांचे एकमत नाही. देवनागरी इथल्या शाळेच्या आधी यावी असे आईला वाटते, बाबांना ती नंतर हवी आहे. मी आईच्या बाजूची आहे, कारण शाळा सुरू झाल्यावर गृहपाठ आणि खेळाचे वर्ग यांत वेळ उरत नाही, हे मी इतर घरांत पाहिले आहे.

दुसरा निर्णय शाळाप्रवेशाचा आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, 30 जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांना त्या वर्षी शाळेत जाणे बंधनकारक असते. या मुलीचा वाढदिवस ऑगस्टमधला, म्हणजे ती नियमाने सात वर्षांची होऊन पहिलीत बसेल. पालकांची इच्छा असल्यास त्यांना एक वर्ष आधी अर्ज करता येतो. तिकडे महाराष्ट्रात ती सहाव्या वर्षी पहिलीत गेली असती, असे आजी दर रविवारी फोनवर सांगतात. किंडरगार्टनच्या शिक्षिकेला मुलीला आणखी एक वर्ष मिळावे असे वाटते. आरोग्य खात्याची शाळापूर्व तपासणी व्हायची आहे. तीत भाषा, दृष्टी, श्रवण आणि हातांचे कौशल्य पाहिले जाते. तिचा निष्कर्ष हाती आल्यानंतर, आणि मुलीला स्वतःला विचारून, अर्ज करायचा की नाही हे ठरवू, असे आईवडिलांनी शिक्षिकेला कळवले आहे.